ताणलेल्या रबराचा रोध कसा वाचावा

टीव्हीचा एखादा बाद झालेला रिमोट घरात पडलेला असेलच. मागचे स्क्रू काढा, जुन्या एटीएम कार्डानं कडा सोडवा आणि आतली रबरी पट्टी उलटी करा. प्रत्येक बटणाच्या पाठीला एक काळी टिकली दिसेल. मल्टिमीटर ओहमवर ठेवून दोन्ही प्रोब त्या टिकलीवर टेकवा. आकडा येईल, काहीशे ओहम किंवा काही किलोओहम. आता नाशिकच्या द्वारका चौकाच्या आसपास महामार्गाच्या कडेला बसणाऱ्या एखाद्या पंक्चरवाल्याकडून स्कूटरच्या ट्यूबचा तुकडा मागून आणा. तोही काळाच. पण त्यावर प्रोब टेकवलेत तर मीटर बहुधा ढिम्म राहील, किंवा मेगाओहमच्या घरातलं काहीतरी चंचल दाखवील.

दोन्हीत कार्बनच आहे. फरक आहे तो कार्बन कोणत्या जातीचा, किती आणि कसा पसरलेला यात. रबर ताणलं की त्याचा विद्युतरोध का बदलतो, याचं उत्तरही त्याच फरकात आहे. नाशिकमध्ये सध्या अनेक अभियांत्रिकी महाविद्यालयांतली मुलं आणि काही हौशी मंडळी येत्या सिंहस्थासाठी गर्दी मोजायच्या चटया, श्वास मोजणारे पट्टे, वाकणारं बोट ओळखणारे हातमोजे असले प्रकल्प हाती घेताना दिसतात. त्यांतल्या बऱ्याच जणांच्या हाती वाहक रबराची दोरी किंवा काळी लवचीक शीट येते, आणि दोन दिवसांत तक्रार सुरू होते की सेन्सर खोटं बोलतो. तो खोटं बोलत नसतो. आपण त्याला चुकीचा प्रश्न विचारतो. हा लेख त्या मंडळींसाठी आहे.

शुद्ध नैसर्गिक रबर उत्तम विद्युतरोधक आहे. त्याची रोधकता एकावर पंधरा शून्यं इतक्या ओहम-सेंटीमीटरच्या आसपास असते. त्यात कार्बन ब्लॅक मिसळत गेलो तर बराच काळ काहीच घडत नाही. कण एकमेकांपासून सुटे असतात, मधे रबर असतं. मग एका ठरावीक प्रमाणापाशी कणांच्या साखळ्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जुळतात आणि रोध एकदम कोसळतो, लाखो-कोट्यवधी पटींनी. या उंबरठ्याला इंग्रजीतून आलेलं ‘परकोलेशन’ हेच नाव प्रयोगशाळांत रूढ आहे. उंबरठा कुठे येईल हे कार्बनच्या जातीवर ठरतं. द्राक्षाच्या घोसासारखी गुंतागुंतीची रचना असलेला खास वाहक कार्बन थोडक्यात काम भागवतो, कार्बन नॅनोट्यूब तर एक टक्क्याच्या आतही. टायरमधला साधा कार्बन ब्लॅक मात्र बराच घालावा लागतो. टायरच्या पृष्ठभागाच्या रबरात शंभर भाग रबराला साधारण पन्नास भाग कार्बन असतो, पण तो घालण्याचा हेतू झीज कमी करणं हा, वीज वाहून नेणं हा नव्हे. आपल्या सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत सिएटचा टायर कारखाना आहे. तिथे येणाऱ्या काळ्या भुकटीकडे या नजरेनं पाहिलंत तर काळ्या रंगाचा आणि वाहकतेचा थेट संबंध नाही हे पटेल.

साखळ्या जुळतात म्हणजे कण एकमेकांना चिकटतातच असंही नाही. बऱ्याच ठिकाणी दोन कणांमध्ये रबराचा काही नॅनोमीटरचा पातळ पडदा राहतो आणि इलेक्ट्रॉन त्यातून ‘टनेलिंग’नं पार होतात. या वाटेची खोड अशी की अंतर थोडं वाढलं तरी प्रवाह कित्येक पटींनी घटतो. त्यामुळे उंबरठ्याच्या जरा वर असलेलं मिश्रण अतिशय संवेदनशील असतं, पण लहरीही तितकंच. उंबरठ्यापासून बरंच वर, कार्बनानं गच्च भरलेलं मिश्रण शांत असतं, पण ताण फारसा ओळखत नाही. बाजारात मिळणाऱ्या दोऱ्या या दोहोंच्या मधे कुठेतरी बसवलेल्या असतात.

ताणल्यावर नेमकं काय होतं

आधी साधं भूमितीचं गणित करून टाकू. तारेचा रोध लांबीबरोबर वाढतो आणि काटछेदाच्या क्षेत्रफळाबरोबर घटतो. रबर ताणलं तरी त्याचं आकारमान जवळजवळ तेवढंच राहतं. म्हणजे लांबी दीडपट झाली की काटछेद दीडपटीनं लहान होतो. परिणाम दोन्हीकडून होतो आणि रोध दीड गुणिले दीड, म्हणजे सव्वादोनपट होतो. दुप्पट ताणलं तर चौपट.

धातूच्या तारा ताणल्यावर रोध बदलतो हे विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्व्हिन, यांनी १८५६ मध्ये दाखवलं होतं. आजच्या स्ट्रेन गेजचं मूळ तिथे आहे. पण धातू ताणायचा तो टक्क्याच्या अंशानं, त्यामुळे बदल फार बारीक. रबरासारख्या ताणणाऱ्या वस्तूवर भूमितीचा नियम स्वच्छ पाहायचा तर १९५३ मधलं व्हिटनी या संशोधकाचं उपकरण पाहावं. बारीक रबरी नळीत पारा भरून त्यानं ती माणसाच्या हाता-पायाभोवती गुंडाळली आणि रक्तप्रवाहानं अवयव किती फुगतो हे मोजलं. पारा द्रव आहे, त्याला मागचं काही आठवत नाही; नळी जितकी लांबेल तितका रोध वर्गाच्या हिशेबानं वाढतो आणि सोडली की परत जागेवर येतो. (पारा घरी हाताळू नका. हा दाखला फक्त समजण्यासाठी.)

कार्बन भरलेलं रबर असं वागत नाही, आणि खरी गंमत इथेच आहे.

पहिल्यांदा ताणलं की रोध झपाट्यानं वाढतो, कारण साखळ्या तुटतात आणि कणांमधले पडदे रुंदावतात. पण ताण आणखी वाढवला की काही मिश्रणांत ही वाढ मंदावते आणि रोध चक्क खाली यायला लागतो. रबर एका दिशेला लांबतं तेव्हा आडव्या दिशेनं आकसतं, कण बाजूनं जवळ येतात, घोस ताणाच्या दिशेनं रांगेत लागतात आणि नव्या वाटा उघडतात. नाशिककरांना हे समजायला द्वारका चौकासारखी दुसरी जागा नाही. नाशिकरोडकडून आणि पुण्याकडून येणारा रस्ता इथे मुंबई-आग्रा महामार्गाला मिळतो. एक वाट तुंबली की रिक्षावाले काठे गल्लीतून नाहीतर वडाळा नाक्यावरून दुसरी शोधतात. एकूण वाहतूक कमी झाली की वाढली, हे किती वाटा बंद झाल्या आणि किती नव्या सापडल्या यावर ठरतं. रबरातही तसंच. म्हणून काही दोऱ्यांत रोध भूमितीच्या हिशेबापेक्षा जास्त वाढतो, काहींत कमी. दोरीच्या पाकिटावर छापलेला आकडा हा त्या दोरीचा सरासरी स्वभाव असतो, नियम नव्हे.

पुढचा भाग जास्त महत्त्वाचा. दोरी ताणून तशीच धरून ठेवा. रोध स्थिर राहायला हवा असं आपल्याला वाटतं. तो हळूहळू खाली येत राहतो, आधी भराभर, मग मिनिटामिनिटानं, मग आणखी मंद. रबराचे रेणू आतल्या आत सैलावत असतात आणि तुटलेल्या साखळ्यांतल्या काही पुन्हा जुळत असतात. आता दोरी सोडा. रोध सरळ खाली येईल अशी अपेक्षा. पण अनेक दोऱ्यांत सोडताना तो उलट क्षणभर वर उसळतो आणि मग उतरायला लागतो. म्हणजे ताणल्यावर एक शिखर आणि सोडल्यावर दुसरं. रबर आकसताना ताणाच्या अवस्थेत लागलेली रांग मोडते, आणि जुनी रचना परत बसायला वेळ लागतो. जितक्या झटक्यानं ताणाल किंवा सोडाल तितकी शिखरं ठळक. पूर्ण पूर्वपदावर यायला मिनिटं, कधी तासही लागतात.

आणखी एक गोष्ट. कोऱ्या दोरीचा पहिला ताण आणि दहावा ताण यांत मोठा फरक असतो. भरण घातलेलं रबर एकदा ताणल्यावर त्याच मर्यादेपर्यंत पुन्हा ताणताना मऊ पडतं. १९४०च्या दशकात मुलिन्स या संशोधकानं याचा पद्धतशीर अभ्यास केला म्हणून याला मुलिन्स परिणाम म्हणतात. अगदी लहान विकृतीत कार्बनचं जाळं मोडल्यानं येणारा मऊपणा पेन या संशोधकाच्या नावानं ओळखला जातो. यांत्रिक मऊपणाच्या बरोबरीनं विजेचा रोधही पहिल्या काही खेपांत सरकतो आणि मग एका ठरावीक फेऱ्यावर स्थिरावतो. पहिल्या खेपेला मोजून त्यावर तक्ता बनवणारा विद्यार्थी पुढच्या आठवड्यात सेन्सर बिघडला म्हणतो, त्याचं कारण बहुतेक वेळा हे असतं.

घरी करून पाहायची चाचणी

सहज मिळणारी वाहक रबराची दोरी साधारण दोन मिलिमीटर जाड असते आणि तिचा रोध सेंटीमीटरला १४० ते १६० ओहमच्या घरात असतो. दीडशे धरला तर रोधकता सुमारे ४.७ ओहम-सेंटीमीटर निघते, म्हणजे तांब्याच्या कैक लाख पट. पंधरा सेंटीमीटर तुकडा घेतला की रोध २२५० ओहम.

लाकडी फळी घ्या, तिच्यावर पोलादी पट्टी चिकटवा. एका टोकाला स्क्रूनं दोरी पक्की करा, दुसऱ्या टोकाला सरकणारा ठोकळा ठेवा. ताण नेहमी लांबीच्या टक्क्यांत लिहा. २१ सेंटीमीटरपर्यंत नेलंत तर ४० टक्के ताण. निव्वळ भूमितीनं रोध १.४ गुणिले १.४, म्हणजे १.९६ पट, सुमारे ४४१० ओहम व्हायला हवा. तुम्हाला जे मिळेल ते यापेक्षा जास्त किंवा कमी असेल, आणि तो फरक हीच तुमच्या मिश्रणाची ओळख. वहीत हिशेबाचा आणि मोजलेला असे दोन रकाने शेजारी ठेवा.

जोड हा या सगळ्यातला सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. रबरावर सोल्डर बसत नाही. मगरी क्लिप लावली की तिचे दात रबरात रुततात, दोरी ताणली की दातांखालचं रबर सरकतं, आणि तुम्ही दोरीऐवजी क्लिपचा रोध मोजत बसता. क्लिपच्या बाहेर टोकाला थोडी जागा सोडा, दोरीचं टोक दोनदा वळवून त्यावर धातूची नळी दाबून बसवा, किंवा टोकं ताणरहित भागात ठेवून मधलाच भाग ताणू द्या. तांबं टाळा, गंधकानं पक्क्या केलेल्या रबरातला गंधक तांब्याला आणि चांदीला काळं करतो आणि काही आठवड्यांत जोड सुटल्यासारखा वागतो. स्टेनलेस किंवा कथील चढवलेलं बरं. हौस असेल तर चार तारांची पद्धत वापरा: बाहेरच्या दोन तारांतून प्रवाह सोडायचा, आतल्या दोन तारांवर व्होल्टेज मोजायचं, म्हणजे जोडाचा रोध हिशेबातून जातो. मेगाओहमच्या पट्ट्यातलं रबर मोजत असाल तर प्रोबच्या धातूला बोटं लावू नका, नाहीतर मीटर तुमच्या शरीराचा रोध दाखवील.

आर्डुइनोला जोडायचं तर मालिकेत एक ठरावीक रोधक लावून मधलं व्होल्टेज वाचायचं. कोणता रोधक? सैल आणि ताणलेल्या रोधांचा गुणाकार करून वर्गमूळ काढा. २२५० आणि ४४१० साठी ते साधारण ३१५० येतं, म्हणून ३.३ किलोओहम. दोरी पाच व्होल्टच्या बाजूला आणि रोधक जमिनीच्या बाजूला ठेवला तर सैल अवस्थेत वाचन ६०८ च्या आसपास आणि ताणल्यावर ४३८. एकूण १७० पायऱ्या मिळतात, ४० टक्क्यांसाठी पुरेशा.

पण मी ३.३ किलोओहमचा रोधक लावायचा सल्ला देणार नाही. त्याजागी त्याच रिळावरचा तितक्याच लांबीचा दुसरा तुकडा लावा, सैल ठेवलेला, पहिल्याच्या शेजारी. वाचन मधोमध, ५१२ वर येईल, आणि ताणल्यावर ३४६ च्या आसपास. संवेदनशीलता जवळजवळ तेवढीच, पण ऊन चढलं, पहाटे गारवा आला, तरी दोन्ही तुकडे सारखेच बदलतात आणि गुणोत्तर जागेवर राहतं. नाशिकचा मे महिना चाळिशीला टेकतो आणि थंडीत पारा दहाच्या खाली जातो. त्यात उन्हातल्या काळ्या रबराचं तापमान हवेपेक्षा कितीतरी वर. तापमानानं रोध वाढेल की घटेल हेही मिश्रणावर अवलंबून असल्यामुळे तयार सूत्र मिळत नाही. हा जोडीदार तुकडा ते काम फुकटात करतो.

मोजणीचा क्रम असा ठेवा. आधी दोरी ठरवलेल्या कमाल ताणापेक्षा थोडी जास्त ताणून सोडा, आणि लागोपाठच्या दोन फेऱ्यांची वाचनं एकमेकांवर बसेपर्यंत हेच करत राहा. ही सगळी वाचनं फेकून द्यायची. मग थोडी विश्रांती. मग दहा, वीस, तीस, चाळीस टक्के चढत आणि तसंच उतरत, प्रत्येक पायरीवर ठरावीक सेकंद थांबून. चढतीची आणि उतरतीची रेषा वेगळी येईल, मधे फट राहील. ती फट मोजा; तुमच्या सेन्सरची खरी अचूकता तेवढीच आहे, त्याहून जास्त दशांश छापू नका. शेवटी तीस टक्क्यांवर दहा मिनिटं धरून ठेवा आणि रोध कसा ओसरतो ते वेळेसह नोंदवा. वेळ लॉगरिदमच्या मापावर मांडलीत तर तो उतार बराच सरळ दिसण्याची शक्यता असते. कोणत्या ताणानंतर रोध खाली वळतो हेही बघा, कारण त्या वळणाच्या पलीकडे एकाच वाचनाचे दोन अर्थ होतात. आपलं काम त्या वळणाच्या अलीकडे, साधारण दहा ते चाळीस टक्क्यांत बसवलेलं बरं.

काय विचारावं, काय विचारू नये

वजन किती, लांबी किती, हे असल्या रबराला विचारू नका. वजनासाठी धातूचा लोड सेल घ्या, स्वस्त आहे आणि प्रामाणिक आहे. लवचीक वस्तूची लांबीच मोजायची असेल तर दोन वाहक थरांमध्ये विद्युतरोधक रबर ठेवून धारकता मोजणारा ताणसंवेदक करा. एका दिशेनं ताणल्यास धारकता लांबीच्या सरळ प्रमाणात वाढते आणि कार्बनच्या साखळ्यांची स्मृती तिच्यात डोकावत नाही.

काहीतरी घडलं का, केव्हा घडलं, किती वेळा घडलं, हे विचारा. इथे वाहक रबर उत्तम काम करतं. पाऊल पडलं, श्वास आत गेला, बोट वाकलं, या घटना आहेत. त्या वाचनाच्या बदलातून ओळखायच्या, वाचनाच्या किमतीतून नव्हे.

आपल्या गावातलं याचं जवळचं उदाहरण २०१५ च्या सिंहस्थातलं. मूळचे नाशिकचे आणि एमआयटी मीडिया लॅबमध्ये असलेले रमेश रासकर यांच्या पुढाकारानं २०१४ पासून इथे ‘कुंभथॉन’ हे शिबिर भरू लागलं. त्यातून किशोरवयीन निलय कुलकर्णी आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ‘आशिओटो’ ही पावलं मोजणारी, दाब ओळखणारी चटई तयार केली आणि ती सिंहस्थात प्रत्यक्ष वापरून पाहिली गेली. पार्श्वभूमी सगळ्यांना ठाऊक आहे: २७ ऑगस्ट २००३ ला नाशिकच्या सिंहस्थात चेंगराचेंगरीत ३९ भाविक गेले. किती माणसं कुठल्या रस्त्यानं पुढे सरकत आहेत हे मिनिटामिनिटाला कळलं तर वाट वळवता येते. त्या चटईला कुणाचं वजन सांगायचं नव्हतं. पाऊल पडलं एवढंच सांगायचं होतं, आणि प्रश्न इतका नेमका ठेवल्यामुळेच तो सुटण्यासारखा होता.

चटईत रबर ताणलं जात नाही, दाबलं जातं, आणि दाबल्यावर बहुधा रोध घटतो. कण जवळ येतात आणि वरच्या-खालच्या पट्ट्यांशी स्पर्शही वाढतो. वेलोस्टॅट नावानं मिळणारी काळी शीट याच कामाला वापरतात. ती रबर नसून कार्बन भरलेलं प्लॅस्टिक आहे, पण स्वभाव तोच: ओसरणं, फट, स्मृती. चटई खडबडीत रस्त्यावर वाकली तर तिच्यात ताणही शिरतो आणि दोन उलटे परिणाम एकमेकांत मिसळतात. म्हणून खाली ताठ फळी हवीच.

प्रोग्रॅममध्ये एक सरकती पायारेषा ठेवा. सेकंदाला पन्नास वाचनं घेत असाल तर प्रत्येक वेळी जुन्या पायारेषेत नव्या फरकाचा दोनशेवा भाग मिळवा. ती साधारण चार सेकंदांच्या वेगानं सरकेल. पाऊल अर्ध्या सेकंदात पडून उठतं, त्यामुळे ते पायारेषेच्या वर उठून दिसतं, आणि उन्हानं किंवा थकव्यानं होणारा सरकाव पायारेषा गिळते. मात्र एक अट: चटईवर कुणी उभं असताना पायारेषा गोठवा. गर्दी तुंबते तेव्हा माणूस एकाच जागी उभा राहतो; पायारेषा त्याच्या मागे सरकली तर तो हलल्यावर यंत्राला उलटं पाऊल दिसेल. टाच आणि चवडा अशी एकाच पावलाची दोन शिखरं येतात, तेव्हा दोन मोजण्यांमध्ये किमान अंतर ठेवा. पुढे-मागे दोन पट्ट्या टाकल्या तर कोणती आधी दबली यावरून दिशाही कळते.

द्वारकेसारख्या चौकात चाचणी घ्यायची असेल तर आणखी तीन गोष्टी सांभाळा. जड वाहनांच्या कंपनांनी वाचन थरथरतं. रिकाम्या चटईवरची थरथर आधी मोजा आणि मर्यादारेषा तिच्या वर ठेवा. डिझेल आणि तेल नैसर्गिक रबराला फुगवतं, फुगलं की कण दूर जातात आणि रोध बेसुमार वाढतो. नायट्राइल रबर याबाबतीत सोशीक. तिसरी गोष्ट हवेतला ओझोन आणि ऊन. कायम ताणून ठेवलेल्या नैसर्गिक रबराला आडव्या बारीक भेगा पडतात आणि त्या भेगा तुमच्या ग्राफवर ताण म्हणून दिसतात. सिंहस्थाची मुख्य स्नानं पावसाळ्यात येतात, भाविक ओल्या पायांनी चालतात, म्हणून कडा पाणी न शिरेल अशा बंद करा; ओल्या पट्ट्यांमधून पाण्यावाटे वाहणारा प्रवाह पावलासारखाच दिसतो.

श्वासाच्या पट्ट्यासाठी एक छोटी युक्ती. छातीभोवतीचा सगळा पट्टा रबराचा करू नका. ऐंशी सेंटीमीटरच्या घेरात शांत श्वासानं एक सेंटीमीटर वाढ झाली तर पूर्ण रबरी पट्ट्यात ताण सव्वा टक्का. पट्टा न ताणणाऱ्या नाड्याचा ठेवून फक्त दहा सेंटीमीटर वाहक दोरी लावलीत तर तीच वाढ दहा टक्के होते. घालतानाच थोडा आधीचा ताण द्या, म्हणजे दोरी कधी पूर्ण सैल पडत नाही आणि सैल होतानाचं ते दुसरं शिखर त्रास देत नाही. श्वास तीन ते पाच सेकंदांचा असतो, तेव्हा पायारेषा चटईपेक्षा बरीच संथ, अर्ध्या मिनिटाच्या आसपासची ठेवा.

स्वतः मिश्रण बनवायचा मोह आवरा, निदान पहिल्या प्रकल्पात. करायचंच असेल तर सिलिकॉनमध्ये कार्बन मिसळताना मास्क लावा. ही भुकटी हवेत तरंगते आणि फुप्फुसाला चांगली नाही. व्हिनेगरसारखा वास येणारा सिलिकॉन जोडाच्या धातूला खातो, तेव्हा बिनवासाचा घ्या. जास्त घोटलं की जास्त चांगलं असं नसतं. अति घोटण्यानं कार्बनचे घोस तुटतात आणि रोध वाढतो.

काही ठिकाणी मात्र ताणाबरोबर रोध बदलू नये हीच अपेक्षा असते. मनमाडजवळच्या पानेवाडीहून निघणारे इंधनाचे टँकर आणि त्यांच्या नळ्या, पेट्रोल पंपावरचा होज, सिलिका भरलेल्या टायरमधून जमिनीपर्यंत काढलेली वाहक रबराची पातळ पट्टी, कारखान्यातले स्थिर वीज उतरवणारे बूट. अँटिस्टॅटिक बुटांचा रोध एक लाख ओहम ते शंभर कोटी ओहम यांच्या मधे असावा लागतो. अशा वस्तूंच्या बाबतीत घरचं मल्टिमीटर पुरत नाही. ठाण्याच्या वागळे इस्टेटमधली, पूर्वी ‘इर्मरा’ या नावानं ओळखली जाणारी रबर संशोधन संस्था असल्या चाचण्यांसाठी आहे.

सिंहस्थापर्यंत अजून वेळ आहे. दोरी घेताना पूर्ण प्रकल्पाची आणि बदलीची एकाच रिळावरून घ्या, कारण दुसऱ्या रिळाचा स्वभाव वेगळा असू शकतो. तिचाच एक तुकडा तीस टक्के ताणून गच्चीवर उन्हा-पावसात टांगा, एक तुकडा सैल, कपाटात, अंधारात ठेवा. दर महिन्याला, शक्यतो सकाळी, दोन्हींचा रोध आणि हवेचं तापमान वहीत लिहा. गच्चीवरचा तुकडा कपाटातल्या तुकड्यापासून ज्या महिन्यात ठळकपणे फुटून निघेल, तुमच्या यंत्रातली दोरी बदलायची मुदत त्याच्या एक महिना अलीकडची धरा.